गोठ्यातून आलेल्या गोष्टी

बॅगपस हा बोका मला भेटला तो मराठी बोलताना. ब्रिटनमध्ये आज पन्नाशी-साठीत असलेली माणसं ज्याच्या नुसत्या नावानं हळवी होतात, तो हा टीव्हीवरचा कापडी बोका आमच्या साताऱ्याच्या घरी आला तो चित्राशिवाय, संगीताशिवाय, निव्वळ आत्याच्या तोंडून. आत्या तीन-चार वर्षांनी एकदा विलायतेहून यायची. चॉकलेटं दोन दिवसांत संपायची, गोष्टी मात्र तिचा मुक्काम हलेपर्यंत पुरायच्या. गच्चीवर गाद्या पडल्या की आमची फर्माईश ठरलेली, "ती न विकणाऱ्या दुकानाची सांग." एमिली नावाच्या मुलीचं दुकान. त्यात विकायला काहीच नाही. कुणाची हरवलेली, मोडलेली वस्तू तिला सापडते, ती दुकानात आणून ठेवते, बोका जागा होतो, त्याच्याबरोबर इतर खेळणीही जागी होतात, वस्तू दुरुस्त होते आणि मालकाला दिसावी म्हणून काचेत मांडली जाते. किराणा दुकानात हिशेब लिहिणाऱ्या आमच्या काकाला हे कधीच पटलं नाही. "अगं, मग भाडं कुठून भरते ती पोरगी?" असं तो दर वेळी अंधारातून विचारायचा.

त्या गोष्टीत एक लाकडी सुतारपक्षी होता, प्रोफेसर याफल. सगळ्यांच्या चुका काढणारा. आत्या त्याचा आवाज काढायची तो आमच्या आजोबांच्या एका निवृत्त हेडमास्तर मित्राचा. पुढे खूप वर्षांनी मी मूळ फिल्म पाहिली, आणि वाचलं की हा पक्षी बऱ्याच अंशी तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल यांच्यावरून बेतलेला होता. आत्याचे हेडमास्तर त्याला अधिक शोभत होते, असं माझं आजही मत आहे.

आत्या आणि आतोबा इंग्लंडला गेले ते साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. आतोबा नगरचे, डॉक्टर. केंट परगण्यातल्या कँटरबरीत नोकरी मिळाली आणि एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकलं तर शेगडी पेटायची. टीव्हीसुद्धा भाड्याचा, कारण तिथं तेव्हा निम्मी घरं टीव्ही विकत घेण्याऐवजी महिन्याच्या भाड्यानंच आणायची. हिवाळ्यात चार वाजता दिवस मावळायचा. आतोबा ड्यूटीवर, आतेभाऊ रांगता, आणि मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेल्या आत्याला दुधवाल्याचं एक वाक्य कळायचं नाही. बीबीसीनं १९६५ पासून आपल्याकडून आलेल्या लोकांसाठी रविवारी सकाळी हिंदुस्तानीतून एक कार्यक्रम सुरू केला होता, 'अपना ही घर समझिये'. तो ती बघायची, पण इंग्रजी शिकली ती मुलांच्या कार्यक्रमांवरून. तिथली माणसं हळू बोलत. बोलून झाल्यावर थांबत. "उत्तराची वाट बघायची ती," आत्या सांगायची, "आणि मी द्यायचे उत्तर. घरात होतं कोण ऐकायला?"

दुपारी टीव्हीपुढं घरमालकीणबाईही येऊन बसायच्या, आणि त्यांच्याकडून आत्याला आधीचा इतिहास कळला. लढाई संपल्यावर, १९४६ मध्ये बाईंनी लंडनला बहिणीकडे पहिल्यांदा टीव्ही पाहिला, त्यात ॲनेट मिल्स पियानो वाजवत गात होत्या आणि पियानोच्या पाठीवर दोरीची कठपुतळी नाचत होती, मफिन नावाचं खेचर. मफिनला नाचवणाऱ्या ॲन होगार्थ मागे आडोशाला उभ्या असत, त्या कुणाला दिसतच नसत. मग १९५० मध्ये अँडी पँडी आला. पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा घातलेलं बाहुलं. ते घडवलं फ्रीडा लिंगस्ट्रॉम आणि मारिया बर्ड या दोन मैत्रिणींनी, त्याही केंटमधल्याच, वेस्टरहॅमच्या. ऑड्री ॲटरबरी दोऱ्या हलवायच्या, आणि बाहुल्याचा चेहरा त्यांच्याच लहान मुलावरून घेतलेला. तो मुलगा पुढे जुन्या चिजांचा जाणकार म्हणून स्वतःच टीव्हीवर दिसू लागला. अँडीच्या फिल्म केल्या अवघ्या सव्वीस. त्याच पुन्हा पुन्हा, वीस वर्षं. बाईंच्या मुलाच्या पिढीनं पाहिल्या त्याच माझ्या आतेभावानं पाहिल्या.

त्या काळात संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असे. पोरांना टीव्हीपुढून उठवून अंथरुणात घालायला आईबापांना सवड मिळावी म्हणून. ही सक्तीची तासभर विश्रांती फेब्रुवारी १९५७ मध्ये संपली, कारण दीड वर्षापूर्वी सुरू झालेल्या जाहिरातींवरच्या चॅनेलला तो तास फुकट घालवणं परवडेना. घरमालकीणबाईंच्या मते इंग्लंडची उतरती कळा त्या दिवशी सुरू झाली. आतोबांच्या मते ती १९४७ सालीच, १५ ऑगस्टला सुरू झाली होती. यावर दोघांचा वाद चहा निवेपर्यंत चाले.

'प्ले स्कूल' हा आत्याचा लाडका कार्यक्रम. जॉय व्हिटबी यांनी घडवलेला. बीबीसीचं दुसरं चॅनेल २० एप्रिल १९६४ च्या संध्याकाळी थाटामाटात सुरू व्हायचं होतं, पण बॅटरसीच्या वीजकेंद्रात आग लागली, अर्धं लंडन अंधारात गेलं आणि समारंभ बुडाला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्या चॅनेलचा पहिला ठरलेला कार्यक्रम म्हणून लागला तो प्ले स्कूल. फटाके आणि नटनट्या राहिल्या बाजूला, उद्घाटन केलं ते बाळगोपाळांनी. त्यात तीन खिडक्या असत, गोल, चौकोनी आणि कमानीची. आज कोणत्या खिडकीतून बाहेर बघायचं ते मुलांनी ओळखायचं. पलीकडे काय, तर बिस्किटांचा कारखाना नाहीतर दूध बाटल्यांत भरणारी यंत्रं. बस, एवढंच. पण आत्या सांगते, तिनं इंग्लंड पाहिलं ते त्या खिडक्यांतून. बाहेर तर सारखा पाऊसच असायचा.

'ब्लू पीटर' मात्र आतेभावाचा. १९५८ साली सुरू झालेला हा कार्यक्रम अजून चालू आहे. त्याच्या मागची बाई बिडी बॅक्स्टर, १९६२ मध्ये आली आणि १९८८ पर्यंत तिनं तो करड्या शिस्तीत चालवला. तिची एक हकिकत मला फार आवडते. लहानपणी तिनं एनिड ब्लायटन यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं, पोरगी हरखली, तिनं दुसरं पत्र लिहिलं, आणि पहिल्यासारखंच शब्दशः तेच उत्तर आलं. तो घाव ती विसरली नाही. ब्लू पीटरच्या कचेरीत तिनं पत्र पाठवणाऱ्या प्रत्येक मुलाचं कार्ड ठेवायची पद्धत घातली, म्हणजे दुसरं पत्र आलं तर पहिल्याची आठवण ठेवून उत्तर जावं. आठवड्याला हजारो पत्रं यायची. आतेभावानं सश्याचं चित्र पाठवलं तेव्हा त्याला उत्तर आलं आणि जहाजाचं चित्र असलेला बिल्ला आला. ते जहाज काढलं होतं टोनी हार्ट यांनी. चित्रकार होण्याआधी हे गृहस्थ हिंदुस्थानात गुरखा पलटणीत अधिकारी होते.

ब्लू पीटरमध्ये घरच्या टाकाऊ वस्तूंतून काही ना काही करून दाखवत. त्या युक्त्या वर्षानुवर्षं शोधून काढणाऱ्या मार्गारेट पार्नेल पडद्यावर सहसा यायच्याच नाहीत. नाताळच्या आधी कपडे टांगायच्या तारेच्या हँगरचा सांगाडा करून, त्याला चमचमती झिरमिळी गुंडाळून मेणबत्त्या लावायचा प्रकार दर वर्षी असे. आत्यानं ते बघून ठेवलं आणि पुढच्या दिवाळीला त्याच हँगरचा आकाशकंदील केला. बांबूच्या कामट्या कँटरबरीत मिळणार कुठे? तो कंदील खिडकीत लागला तेव्हा घरमालकीणबाईंनी विचारलं, "या वर्षी नाताळ लवकर आला का?"

आता मुख्य गोष्ट. कँटरबरीहून व्हिट्स्टेबलच्या समुद्रकिनाऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर ब्लीन नावाचं खेडं आहे. आत्या-आतोबा उन्हाळ्यात रविवारी बसनं किनाऱ्यावर जायचे, तेव्हा ब्लीन वाटेत लागायचं. तिथल्या एका शेतघराच्या जुन्या गोठ्यात त्या वेळी दोन माणसं बसून जगातले उत्तमातले काही बालचित्रपट बनवत होती, आणि बसमधल्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. ही दोन माणसं म्हणजे ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन. कंपनीचं नाव स्मॉलफिल्म्स. कंपनी म्हणजे हे दोघे, दोघांच्या बायका आणि भरपूर चिकटपट्टी.

पोस्टगेटचं घराणं मोठं. त्याच्या आईचे वडील जॉर्ज लान्सबरी, मजूर पक्षाचे नेते. नातू टीव्हीसाठी बोके करतो हे आतोबांना फार उशिरा, वर्तमानपत्रात वाचून समजलं आणि त्यांनी ते कात्रण आम्हाला पाठवलं, कारण लान्सबरींचं नाव त्यांना त्यांच्या वडिलांकडून ठाऊक होतं. ॲनी बेझंट यांच्या पुढाकारानं तयार झालेलं हिंदुस्थानच्या स्वराज्याचं विधेयक १९२५ साली ब्रिटिश संसदेत मांडलं ते लान्सबरींनी. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेले आणि लंडनच्या पूर्वेकडच्या गरीब वस्तीत, बो भागात उतरले, तोही त्यांचाच मतदारसंघ. नातवानं आजोबांचा शांततावाद घेतला. दुसऱ्या महायुद्धात बंदूक हाती धरायला नकार दिला, तुरुंगात गेला, नंतर शेतावर राबला. पुढे बरेच उद्योग करून १९५७ मध्ये एका टीव्ही कंपनीत स्टेज मॅनेजर म्हणून लागला. मुलांचे कार्यक्रम बघून त्याला वाटलं, हे मला याहून बरं जमेल. चित्रं काढायला माणूस हवा होता, आणि तो गरजू असणं आवश्यक होतं, कारण पैसे नगण्य होते. असा माणूस कला महाविद्यालयात शिकवत होता. तो पीटर फर्मिन.

पहिली मोठी फिल्म 'आयव्हर द इंजिन', १९५९. वेल्सच्या डोंगरातलं एक छोटं वाफेचं इंजिन, त्याला गायनमंडळात गायचं असतं. ही कल्पना पोस्टगेटला सुचली ती डेन्झिल एलिस नावाच्या एका वेल्श माणसाच्या आठवणींतून. डेन्झिल पूर्वी इंजिनावर कोळसा घालायचा. थंडगार लोखंड पहाटे पेटवल्यावर तासन् तास हळूहळू कसं ऊबदार होतं, धुसफुसतं, जिवंत होतं, हे त्यानं सांगितलं आणि पोस्टगेटनं ते ध्यानात ठेवलं. 'नॉगिन द नॉग' या उत्तरेकडच्या राजपुत्राची कथा फर्मिनला सुचली ती ब्रिटिश म्युझियममधल्या हस्तिदंती दिसणाऱ्या, खरं तर वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेल्या बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांवरून. त्यांचे चेहरे रागीट नसून काळजीत पडलेले आहेत, असं त्याला वाटलं. मी त्या सोंगट्या पाहिल्या आहेत. खरोखर, त्यातली राणी गालाला हात लावून बसली आहे, पोराची शाळेतून तक्रार आल्यासारखी.

काम कसं चाले? कॅमेऱ्याची घोडी पोस्टगेटनं मेकॅनोच्या पट्ट्या जोडून स्वतः बनवली. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर. दिवसभर खपून फिल्म हाती यायची ती मिनिट-दोन मिनिटांची. लेखन पोस्टगेटचं, निवेदन त्याचंच, हलवणारे हात त्याचे. चित्रं, बाहुल्या, नेपथ्य फर्मिनचं. संगीत व्हर्नन एलियट या बसून वाजवणाऱ्याचं (बसून म्हणजे ते जाड, लांब, घोगरं लाकडी वाद्य, एलियट उभा राहूनही वाजवत असेल). बीबीसीनं त्यांना पुरते पैसे कधीच दिले नाहीत, पण गोठ्यात येऊन ढवळाढवळही केली नाही. फिल्म पुरी झाली की पोस्टगेट ती घेऊन लंडनला जायचा, ते बघायचे, आणि बहुधा ठेवून घ्यायचे. आतोबा म्हणायचे, की असा साहेब मला एकही मिळाला नाही.

१९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि बीबीसीला रंगीत मालिका हवी झाली. ब्लीनहून आले 'क्लँगर्स'. एका छोट्या निळ्या ग्रहाच्या पोटात राहणारे गुलाबी लोकरीचे उंदरासारखे जीव, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणांखाली बिळं, खायला सूप, तेही विहिरीतल्या ड्रॅगनकडून आणलेलं. त्यांना विणलं जोन फर्मिननं, पीटरच्या बायकोनं, घरकाम आणि सहा मुली सांभाळून. ते बोलत शिट्ट्यांतून. पण त्या शिट्ट्या उगाच नव्हत्या. प्रत्येक संवाद आधी इंग्रजीत नीट लिहिलेला असे आणि मग त्याचा चढउतार शिट्टीवर वाजवला जाई. एका ठिकाणी दार अडकतं आणि वडील क्लँगर वैतागून एक शिवी हासडतो. बीबीसीनं संहितेतल्या त्या शिवीला हरकत घेतली. शिट्टीच तर वाजणार आहे, कुणाला कळणार, असं पोस्टगेटचं म्हणणं. बीबीसीचं म्हणणं, लोकांना कळेल. शिट्टी वाजली आणि लोकांना कळली. पोस्टगेट आणखी एक सांगायचा. निवेदन काढून टाकलेला एक भाग त्यानं युरोपातल्या प्रसारणवाल्यांना दाखवला तर जर्मन म्हणाला, हे तर उत्तम जर्मन बोलतात, आणि स्वीडिश म्हणाला, छे, स्वीडिश. आत्याच्या गोष्टीत ते सातारी बोलत. आम्हालाही कधी त्याची शंका आली नाही.

बीबीसीच्या पहिल्या चॅनेलवर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १५ नोव्हेंबर १९६९ ला आणि क्लँगर्स लागले १६ तारखेला. आत्याच्या भाड्याच्या टीव्हीवर ते करडे दिसले. बहुतेक घरांत करडेच दिसले. आणि हीच गंमत बॅगपसची. फर्मिनला बोका हवा होता नारिंगी पट्ट्यांचा, आपल्याकडे गल्लीत हिंडतो तसा. मूळ कल्पनेत तो म्हणे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेतला निवृत्त बोका होता. कापड रंगवायला फोकस्टनला दिलं, तिथं रंग चुकला आणि पट्टे आले गुलाबी-पांढरे. वेळ नव्हता, पैसे नव्हते, तेच वापरलं. आज ब्रिटनमध्ये त्या गुलाबी पट्ट्यांचे मग, मोजे आणि उशा विकल्या जातात. आत्याला मात्र तो रंग कित्येक वर्षं ठाऊकच नव्हता. काळ्यापांढऱ्या टीव्हीचं वार्षिक लायसन्स सात पौंड होतं, रंगीत बारा, आणि वाचलेले पाच पौंड आतोबा घरी पाठवू शकत होते.

बॅगपस पहिल्यांदा लागला १२ फेब्रुवारी १९७४ ला. ती तारीख ध्यानात घ्या. खाणकामगारांचा संप, कोळसा नाही, सरकारनं कारखाने आठवड्याचे तीनच दिवस चालवायचा हुकूम काढलेला, त्याआधीचे काही आठवडे टीव्हीसुद्धा रात्री साडेदहाला बंद. आत्या मेणबत्तीच्या उजेडात भाकरी थापत होती. त्याच महिन्याअखेर निवडणूक होऊन पंतप्रधान हीथ गेले. अशा हिवाळ्यात दुपारी पंधरा मिनिटं एक झोपाळू बोका जांभई देऊन उठायचा आणि मोडलेलं काहीतरी दुरुस्त व्हायचं. सुरुवातीला दिसायचे तपकिरी पडलेल्या जुन्या छायाचित्रांसारखे देखावे. त्यातली एमिली ही फर्मिनचीच मुलगी, दुकानाची खिडकी त्याच्याच घराची. माझ्या काकाच्या भाड्याच्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली, आणि मतदानाच्या दिवशी क्लँगर्सचा एक खास भाग लागला. त्यात निवेदक त्या लोकरी जीवांना पक्ष, प्रचार, मतदान समजावून देऊ पाहतो आणि ते साफ नकार देतात. मजूर पक्षाच्या नेत्याच्या नातवानं हे लिहावं, आणि सरकारी लायसन्सच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनं ते मतदानाच्याच दिवशी दाखवावं!

बॅगपसचे भाग तेरा. फक्त तेरा. पण ते पुढची बारा वर्षं फिरून फिरून लागत राहिले. ब्रिटिशांच्या या बालटीव्हीबद्दलच्या हळवेपणाचं कोडं मला इथं सुटलेलं दिसतं. पैसे कमी म्हणून भाग कमी, भाग कमी म्हणून तेच परत, आणि तेच परत म्हणून १९६८ साली जन्मलेल्या आणि १९८० साली जन्मलेल्या माणसांची आठवण एकच. शिवाय चॅनेलं तीन. आजच्या मुलाला हजार गोष्टी उपलब्ध आहेत, पण शेजारच्या मुलानं त्यांतली एखादी पाहिली असेलच असं नाही. १९९९ मध्ये बीबीसीनं लोकांचा कौल घेतला तेव्हा मुलांच्या कार्यक्रमांत पहिला आला तो हाच तेरा भागांचा बोका. त्यात गुणवत्तेचा वाटा मोठा आहेच. पण काटकसरीचाही आहे, आणि तो कुणी कबूल करत नाही.

आठवणी खोटंही बोलतात. 'कॅप्टन पगवॉश' या जॉन रायन यांच्या चाचेगिरीच्या मालिकेतल्या खलाशांची नावं अश्लील होती, असं ब्रिटनमध्ये हजारो लोक शपथेवर सांगतात. अशी नावं त्यात कधीच नव्हती. रायन वकिलाकडे गेले आणि ते छापणाऱ्या वर्तमानपत्राला खुलासा करावा लागला. तरी लोकांना ती नावं 'आठवतात'.

आणि काही गोष्टी सोयीनं विसरल्या जातात. ज्या वर्षांत बॅगपस जांभया देत होता त्याच वर्षांत, १९७८ पर्यंत, तीच बीबीसी शनिवारी रात्री तोंडाला काळं फासून नाचणाऱ्या गोऱ्यांचा कार्यक्रम दिमाखात दाखवत होती. आतेभावानं एकदा विचारलं, टीव्हीत आपल्यासारखं कुणी का नसतं? आत्याकडे उत्तर नव्हतं. सत्तरच्या दशकात प्ले स्कूलमध्ये डेरेक ग्रिफिथ्स आले, मग १९७६ मध्ये त्रिनिदादहून लहानपणी आलेल्या फ्लोएला बेंजामिन. गोष्टींच्या चित्रांत सगळी मुलं गोरीच का, असं त्यांनी निर्मात्यांना विचारलं आणि चित्रं बदलली. आज त्या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसतात. कॅमेऱ्याच्या मागे मात्र एक आपला माणूस आधीच होता. 'डॉक्टर हू'चा १९६३ मधला पहिलावहिला भाग दिग्दर्शित केला तो लखनौत जन्मलेल्या वारिस हुसैन यांनी. लेखिका अतिया हुसैन त्यांच्या आई. आतोबांचा अभिमान वेगळा होता. विनोदवीर स्पाइक मिलिगन जन्मला १९१८ साली अहमदनगरला, वाढला पुण्यात. नव्वदच्या दशकात लांडग्या-चेटकिणींच्या एका कार्टून मालिकेत मिलिगनचा आवाज असायचा. आतोबा नातवंडांना घेऊन बसायचे आणि दर भागाला बजावायचे, "नगरचा आहे बरं का."

हे सगळं उरलं किती? बीबीसीनं जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. डॉक्टर हूचे नव्वदहून अधिक भाग असे गेले. प्ले स्कूलचे असंख्य भाग तर अगदी अलीकडे, १९९० च्या दशकातही टाकून देण्यात आले, पुन्हा कोण बघणार म्हणून. ट्रम्प्टन नावाच्या बाहुल्यांच्या गावाचे कर्ते गॉर्डन मरे यांनी तर आपली बाहुली स्वतःच बागेत जाळली. चोराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाती पडण्यापेक्षा ते बरं, हा त्यांचा विचार असावा. ब्लीनच्या फिल्म वाचल्या, कारण त्या चित्रपटाच्या पट्टीवर होत्या आणि स्वतः कर्त्यांच्या ताब्यात, गोठ्यात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर स्मॉलफिल्म्सला काम मिळेनासं झालं. मुलांना आता वेग हवा, तुमचं संथ आहे, असं ठरलं. पोस्टगेट यावर शेवटपर्यंत चिडून लिहीत राहिला, आणि मला त्याचं पटतं. १९८७ मध्ये केंट विद्यापीठानं त्याला सन्माननीय पदवी दिली तेव्हा ती खरं तर बॅगपसची आहे असं तो म्हणाला. मग बोक्याला झगा चढवण्यात आला. पोस्टगेट २००८ साली गेला, फर्मिन २०१८ मध्ये. २०१५ मध्ये क्लँगर्स नव्यानं आले. लोकर तीच ठेवली, विणकाम जोनचंच वाटावं असं केलं. संथपणाही ठेवला, आणि मुलांनी तो बघितला. म्हणजे मुलांना संथ चालतं. चालत नव्हतं ते अधिकाऱ्यांना.

लंडनला लेकीकडे, सुनेकडे जाणाऱ्या वाचकांसाठी सांगते. सेंट पँक्रसहून कँटरबरी जलद गाडीनं तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या 'द बीनी' या संग्रहालयात बॅगपस काचेआड असतो आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मात्र तो अधूनमधून इतर प्रदर्शनांत फिरतीवर जातो, तेव्हा आधी चौकशी करा.

आणि एक विनंती, जास्त जवळची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि तिथं 'किलबिल' होतं. त्यासाठी गोष्टी लिहिणारे, पडदे रंगवणारे, बाहुल्या शिवणारे, कॅमेऱ्यामागे उभे राहणारे हात आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पोस्टगेटनं स्वतःचं आत्मचरित्र लिहून ठेवलं, म्हणून शिवी घालणारी शिट्टी मला सांगता आली. आपल्याकडच्या माणसांनी फारसं लिहिलेलं नाही. तुमच्या घरात, शेजारात त्यांच्यापैकी कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा, फोनवर आवाज नोंदवून घ्या, तारखा विचारा, नावं नीट लिहून घ्या. छापायला मासिकं आहेत.